ताणकाटेवाले साहेब

चेअरमननी माझ्या मुलीच्या गळ्यात खारीक-खोबऱ्याचा हार घातला आणि हाराच्या वजनानं तिची मान पुढं पडली. ती परत वर आली नाही.

"पोरगी लाजली," चेअरमन भोंग्यातून म्हणाले. मांडव हसला. टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला.

दोन वर्षांची पोरगी लाजत नसते हे मांडवातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पण स्टेजवर जिल्ह्याचे पुढारी बसले होते, आणि पुढाऱ्यापुढं चेअरमन म्हणतील ते खरं. मी कौशीची हनुवटी हातानं वर धरली. हात काढला की मान पुन्हा खाली. डोळे उघडे होते, पण ती कुणाकडं बघत नव्हती. रडतही नव्हती. बऱ्याच दिवसांत ती रडलीच नव्हती, आणि सासू गल्लीभर सांगत होती की आमची नात लई गुणाची हाय.

सुदृढ बालक स्पर्धेत कौशीचा पहिला नंबर आला होता. बहात्तरचा दुष्काळ, धारूरच्या डोंगराखालचं पाझर तलावाचं काम, रेशनवर मिळणारी मिलो नावाची अमेरिकेची तांबडी ज्वारी खाऊन माणसं दगड फोडत होती, आणि तिथं सुदृढ बालक स्पर्धा. ही कल्पना सोसायटीच्या चेअरमनची. दुष्काळातसुद्धा आपल्याकडची लेकरं कशी गुटगुटीत आहेत हे त्यांना पुढाऱ्यांना दाखवायचं होतं. गावात हाराला फुलं नव्हती म्हणून खारका ओवल्या. म्हणजे ज्या लेकरांना चावायला येत नाही त्यांच्या गळ्यात खाऊ बांधला आणि ज्यांना चावायला येतं ती मांडवाबाहेर उभी राहून बघत होती.

स्टेजच्या कडेला ताणकाट्याजवळ सुकडीचे साहेब उभे होते. ते लांब ढांगा टाकत आले. त्यांनी कौशीच्या गळ्यातला हार काढला आणि भोंग्यात बोलायच्या दांड्याला अडकवला. मग तिचं पाऊल हातात घेऊन त्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तर पावलावर खड्डा पडलेला, आणि तो भरून येईना. कणकेत बोट दाबल्यावर राहतो तसा खड्डा. साहेब त्या खड्ड्याकडं बघत राहिले.

"हे पाणी आहे," ते म्हणाले. "मी पाण्याचं वजन केलं."

गावातल्या विहिरींना तळ दिसत होते. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. आणि माझ्या पोरीच्या पायात पाणी साठलं होतं, त्याला पहिला नंबर.

आता हे साहेब कोण ते सांगायला पाहिजे.

दुष्काळी कामावर राबणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या लेकरांना सरकारनं सुकडी द्यायची ठरवली होती. भाजलेलं पीठ, शेंगदाण्याची पेंड, गूळ, तेल. चव वाईट नव्हती. ती सुकडी नीट वाटली जाते का हे बघायला हे साहेब नेमले होते. कोकणातले होते. आमच्याकडं का आले हे कुणी विचारलं तर म्हणायचे, "शिक्षा म्हणून." कशाची ते सांगायचे नाहीत. सायकलवरून यायचे. खांद्याला एक झोळी, झोळीत ताणकाटा, आणि कॅरिअरला बांधलेली काळी छत्री. पाऊस पडायचा पत्ता नाही त्या मुलखात छत्रीवाला माणूस बघून पहिल्या दिवशी बायका हसून हसून पाट्या खाली ठेवून बसल्या होत्या. त्या छत्रीचा उपयोग नंतर कळला. गोदामात गेले की ते तिची टोकदार दांडी पोत्यात खुपसायचे आणि काय बाहेर येतं ते बघायचे. आणि चेअरमन भाषणाला उभे राहिले की ती उघडून डोक्यावर धरायचे.

"साहेब, पाऊस कुठंय?" चेअरमननी एकदा भाषण थांबवून विचारलं.

"थेंब उडतायत," साहेब म्हणाले.

चेअरमनना पान खायची सवय होती.

ताणकाटा ही त्यांची खरी देवपूजा. बाभळीच्या फांदीला तो टांगायचे, खाली स्वतःच्या पंच्याची झोळी बांधायचे आणि एकेक लेकरू त्यात घालून काटा बघायचे. लेकरं किंचाळायची. साहेबांना त्याचं काही नव्हतं. "वजन खोटं बोलत नाही," हे त्यांचं पालुपद. "बाकी सगळं भाषण." लेकरांवर भागत नसे. कामावर फिरणारं एक कुत्रं त्यांनी जोखलं. आमच्या मुकादमाचा पटका जोखला. गयाबाई म्हणून एक म्हातारी आमच्यात होती, दगड फोडण्यात गड्यांना हार जाणार नाही अशी. तिला म्हणाले, "आजी, तुमचंही करूया."

"माझं कशाला," गयाबाई म्हणाली. "मला काय बाजारात न्यायचीय?"

त्यांची दुसरी सवय जास्त वाईट. सुकडी वाटून झाली की बायकांच्या रांगेपुढून फिरायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "गिळा." का, कसं, काही नाही. गिळा. आम्ही सुकडी पदरात घेत होतो आणि पदराची गाठ मारत होतो. ते त्यांना आवडायचं नाही. मग ते तोंडं तपासायला लागले. "तोंड उघड. जीभ वर कर." परक्या बापयानं बायकांना तोंड उघडायला लावायचं, ही काय रीत झाली? पण साहेबांना रीतबीत काही कळत नसे. त्यांच्या लेखी बाई म्हणजे एक पोट आणि त्याच्या वरच्या अंगाला एक झाकण.

"दात बगून किंमत करताव का सायेब?" गयाबाई म्हणायची. "म्हशीचे बगतेत तसे?"

"म्हैस बरी," साहेब म्हणायचे. "पुढ्यात टाकलं की खाते. दावणीच्या बैलासाठी पदरात बांधून ठेवत नाही."

बायका तोंड दाबून हसायच्या. एक घास तोंडात ठेवून साहेबांना दाखवायचा आणि बाकीची सुकडी कनवटीला. सगळ्या तेच करत होत्या, मीही करत होते. घरी सासरा होता, दीर होता, मालक होते. आमच्या घरात बाईनं बापयाच्या आधी खायचं नसतं. रोज सकाळी दूध पिऊन कामावर येणाऱ्या साहेबाला हे कोण समजावणार? आणि ज्यानं जन्मभर पहिलं ताट घेतलेलं, त्याला दुसरं ताट कुठं जातं ते काय ठाऊक असणार?

तसं त्यांना एवढं ठाऊक होतं की काहीतरी चुकतंय. गोदामातून पोती उठत होती, कढया रिकाम्या होत होत्या, आणि काट्यावर लेकरं जागच्या जागी होती. साहेब हैराण. चेअरमन खूश. चेअरमनच्या हिशेबानं पोतं गोदामातून बाहेर पडलं की लेकराचं पोट भरलं. गूळ आणि पेंड सोसायटी पुरवत होती. सहकार म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळलं: सगळ्यांनी मिळून एका माणसाला जीपमध्ये बसवायचं आणि मग त्या जीपची धूळ सगळ्यांनी सारखी वाटून घ्यायची. चेअरमन धूळ वाटण्यात कधी दुजाभाव करत नसत.

अशात माझ्या कौशीचं वजन वाढलं.

माझं अंगावरचं दूध आटलं होतं. पोरगी मिलोची पातळ कण्हेरी प्यायची. आधी वाळली, काटकुळी झाली, आणि मग एकाएकी गाल वर आले. पाय जाड झाले. हात गुबगुबीत. केस तांबूस, सोनेरी दिसायला लागले. सासूनं दोन्ही गालांना काजळाची तीट लावली. "बाळसं धरलं," म्हणाली. शेजारणी म्हणाल्या, "गोरी बी झालीय की." तिची कातडी पातळ होऊन सुटत होती त्याला आम्ही गोरी होणं म्हटलं. तिला बसवलं तिथं ती बसून राहायची त्याला गुणाची म्हटलं. सगळं गाव एका तोंडानं बोलत होतं, आणि ताणकाटाही तेच बोलला.

साहेबांनी काटा बघितला, पुन्हा बघितला, मग झोळी सोडवून परत बांधून बघितला. त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं. "बाई," म्हणाले, "तुम्ही तेवढ्या मला फसवलं नाहीत. तुमच्या मुलीच्या पोटात सुकडी गेली." कामावरच्या सगळ्या बायकांना बोलावून त्यांनी कौशी दाखवली. चेअरमनची स्पर्धा त्यांना आधी मूर्खपणा वाटत होती. आता तेच पुढं झाले. नंबर वजनावर लावायचे, हेही त्यांनीच ठरवलं. वजन खोटं बोलत नाही.

तर असा तो पहिला नंबर.

स्टेजवर साहेबांनी माझ्या हातातून कौशी घेतली आणि मला म्हणाले, "चला." खाली चेअरमनची जीप उभी होती. ते पुढच्या सीटवर बसले. मी मागं चढले. ड्रायव्हर चेअरमनकडं बघायला लागला. चेअरमन भोंगा सोडून खाली आले.

"साहेब, उतरा. पुढाऱ्यांना स्टँडवर सोडायचंय."

साहेबांनी जीपच्या आतच छत्री उघडली. ड्रायव्हरच्या तोंडापुढं काळं कापड. "मी उतरत नाही," म्हणाले.

"अहो, पाय सुजलाय नुस्ता. गरम पाण्यानं शेका की."

"पाणी कुठून आणू?"

"काय बे, काढ रे ह्यांना," चेअरमन ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, "कसं काढू, छत्री डोळ्यात जातीय." शेवटी पुढारीच म्हणाले की जाऊ द्या, आम्ही जेवून निघू. पुढाऱ्यांना भूक लागली होती म्हणून आमची जीप सुटली. उपकार मानायचे तर त्यांच्या भुकेचे.

अंबाजोगाईला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कौशीकडं बघितलं, साहेबांकडून काट्याची हकिगत ऐकली आणि त्यांना विचारलं, "वजन कशाला केलंत? ही उपासमारीची सूज आहे. अंगठा दाबायचा." एवढंच. साहेबांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली नाही. माझी पोरगी पलंगावर पडली होती, मला दुसरीकडं बघायला वेळ नव्हता.

दुधाची पावडर, साखर, तेल एकत्र करून चमच्या-चमच्यानं पाजायचं. भरभर पाजायचं नाही. पहिले काही दिवस तिनं तेही ओठांतून सोडून दिलं. आजूबाजूच्या पलंगांवर अशीच गुबगुबीत लेकरं होती. कुठल्याही स्पर्धेत पहिली आली असती. त्यातल्या काहींच्या आया रिकाम्या झोळीनं घरी परतल्या. मी बघत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रडली तर मला सांगा. मला वाटलं, रडण्याची कशाला वाट बघायची? मग एका सकाळी कौशीनं चमचा ढकलला आणि किंचाळून रडली, आणि डॉक्टरीणबाई दुसऱ्या पलंगावरून धावत आल्या. त्यांच्या तोंडावरून मला कळलं की पोरगी आता राहते. गुणाची पोर म्हणजे मरायला टेकलेली पोर, हे मी तिथं शिकले. शाळा चौथीपर्यंतची, पण हे चौथीच्या पुस्तकात नव्हतं.

सूज उतरली तशी ती हलकी झाली. बरी होत गेली तसं वजन कमी. साहेबांचा काटा असता तर त्यानं उलटंच सांगितलं असतं.

रविवारी साहेब एसटीनं यायचे. बाकावर बसायचे, छत्री गुडघ्यांमध्ये उभी धरून. बोलायचे नाहीत. एका रविवारी बोलले.

"बाई, तुमच्या जावेचा मुलगा गेला."

"बाळू?"

"हो."

"कशानं?"

"दोन दिवस हगवण लागली म्हणे."

बाळू कौशीपेक्षा थोडा मोठा. त्याला सूज आली नाही, तो नुसता वाळत गेला. त्यालाही साहेबांनी झोळीत घालून जोखलं होतं. कमी भरला होता. "ह्याला सुकडी जास्त द्या," असं सांगून ते पुढच्या लेकराकडं वळले होते, आणि जावेनं जास्तीची सुकडी पदरात बांधून घरी नेली होती. सरकारनं द्यायची ती दिली, साहेबांनी सांगायचं ते सांगितलं, जावेनं घरच्या सुनेनं करायचं ते केलं. कुणाचंच काही चुकलं नाही. फक्त लेकरू गेलं. बारीक लेकराला नंबर नसतो, म्हणून त्याला कुणी स्टेजवर चढवलं नाही, आणि स्टेजवर चढवलं नाही म्हणून जीपही मिळाली नाही.

मी कौशीला घेऊन घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या दारात हजर. सासूनं पोतं टाकलं, पण ते उभेच राहिले. जाऊ चुलीपाशी बसली होती, तिनं वर बघितलं नाही.

"सुकडी जाते कुठं?" साहेबांनी विचारलं.

"कुठं जायची?" सासू म्हणाली. "घरातच हाय. इकली न्हाई कुनी."

"घरात कुणाच्या पोटात?"

"आदी म्हाताऱ्याच्या. मग दोनी पोरांच्या. मग लेकरं हायतच की, उरली तर."

"सुकडी लेकरांसाठी आहे. सरकारचा हुकूम आहे तसा."

"सरकारला सासू न्हाई," माझी सासू म्हणाली. "माती उपसणारा गडी उपाशी ठिवायचा आन् आमी बायांनी तिकडं फतकल मारून गिळायचं व्हय? मला काय लेकराची माया न्हाई? माझा नातू गेला, सायेब. तुमचा न्हाई गेला."

सासरा ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. ऐकू येत होतं सगळं, पण मळत राहिला. माणूस वाईट नव्हता. ताट पुढं येत होतं, तो खात होता. कुठून आलं हे त्यानं जन्मात विचारलं नव्हतं.

"तुम्ही स्वतः काय खाता?" साहेबांनी सासूला विचारलं.

"माझं कशाला काढताव? बापयाच्या आदी बाईनं तोंडात घास घातलेला ह्या घरानं बगितला न्हाई. आसरांचा निवद सोडला तर कधीच न्हाई."

"आसरा म्हणजे?"

सासूनं त्यांच्याकडं असं बघितलं की हा माणूस खरंच शिकलेला आहे का. आमच्याकडं पाण्याच्या काठाला सात आसरा असतात. देव्या. लेकरांना त्या राखतात, आणि रागावल्या तर त्याच नेतात. त्यांचा नैवेद्य बायकांनी आणि लेकरांनी तिथंच बसून खायचा. घरी न्यायचा नाही, बापयानं शिवायचा नाही. नेला तर घरावर कोप. हे सासूनं वैतागून सांगितलं, चार शब्दांत. साहेबांनी तेच पुन्हा पुन्हा विचारलं. घरी न्यायचा नाही? म्हणजे अजिबात नाही? उरला तर? उरला तर पाण्यात सोडायचा. आणि पाणी नसलं तर?

"तर काठावर बसून संपवायचा. कावून इचारताव येवढं?"

साहेब सायकलवर बसले आणि गेले.

एक-दोन दिवसांनी आम्ही कामावर गेलो तर सुकडीच्या कढईजवळ, बाभळीखाली, दगड मांडलेले. शेंदूर थापलेला, इतका की दगडापेक्षा शेंदूर जास्त. वर हळदीकुंकू. बाजूला साहेब उभे, दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे, शर्टावर डाग. देवळात पाय न ठेवणारा माणूस. दगड आमच्याच खडीतले होते. त्यातला एक तर मीच फोडलेला असावा.

गयाबाईनं पाटी खाली ठेवली आणि दगडांवरून बोट फिरवलं. "सायेब, ह्या आठ हायत."

"मग?"

"आसरा सात असतेत. ही आठवी कोन?"

साहेबांनी दगड मोजले. "ती शासनाची," म्हणाले.

गयाबाईनं आठवा दगड उचलून चुलीला लावला. "शासनाची तिथं बरी," म्हणाली, "आच लागू द्या जरा तिला." मग तिनं पदर डोक्यावरून घेतला, सात दगडांना हात जोडले आणि खाली बसून सुकडी खायला लागली. आम्ही सगळ्या बसलो. साहेबांनी त्या दिवशी गिळा म्हटलं नाही, तोंडं तपासली नाहीत. लांब जाऊन पाठ करून उभे राहिले, कारण बापयानं बघायचं नसतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते तसं काही नसतं, पण आम्ही त्यांची समजूत दुरुस्त केली नाही.

फसलं कोण? कुणी नाही. बायकांना माहीत होतं, बापयांना माहीत होतं, दगडांनाही माहीत असेल. पण संध्याकाळी मालकांनी विचारलं, "सुकडी?" मी म्हणाले, "आसरांचा निवद हाय, आनता येत न्हाई." त्यांनी भाकरी पुढं ओढली. सासऱ्यानं तंबाखू मळली. सरकारच्या हुकमाला नाही म्हणता येतं, बायकोला तर येतंच येतं, आसरांना नाही म्हणायची छाती घरात कुणाची नव्हती. सगळ्यात आधी पटलं ते सासूला. दुसऱ्या दिवसापासून ती रोज कौशीला कडेवर घेऊन तलावावर यायची, दगडांना कुंकू लावायची आणि निवद खायची. चघळत, सावकाश, डोळे मिटून. तिला मी भरल्या तोंडानं बसलेली त्याआधी कधी बघितलं नव्हतं. दोन घास जास्त मिळायला तिला म्हातारपण यावं लागलं आणि वर देव्या आणाव्या लागल्या.

साहेबांनी लेकरं जोखायची सोडली. आता ते अंगठा दाबत फिरायचे. ताणकाटा त्यांनी सोसायटीच्या गोदामाच्या दारात टांगला आणि लेकरांऐवजी गुळाच्या ढेपी जोखायला लागले. तिथं मात्र वजन खरं बोलायला लागलं. आधी बायका सुकडी बांधून घरी नेत होत्या तेव्हा किती मिळाली हे जिच्या तिच्या पदरात होतं. आता सगळ्या एका जागी बसून खात होत्या, तर शेवटच्या ओळीला कढई खरवडून मिळायची. शेवटच्या ओळीनं आरडाओरडा केला. गूळ कमी का? पेंड कमी का? देव्यांच्या निवदात कमी केलं कुणी? सुकडी कमी पडली तर बाई गप्प बसते, निवद कमी पडला तर बसत नाही.

मग चेअरमनना एकाएकी अंधश्रद्धा दिसायला लागली. दर अमावास्येला जीपला लिंबू-मिरच्या बांधणारा माणूस. सरकारी कामावर बुवाबाजी चालली आहे अशी तक्रार त्यांनी वर केली, आणि चौकशीला मोठे साहेब आले.

"हे दगड इथं कुणी मांडले?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"जुनं ठानं हाय," गयाबाई म्हणाली.

"किती जुनं?"

"तळ्याच्या आदीचं."

तळ्याच्या आधी तिथं बोडका माळ होता, हे मोठ्या साहेबांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी बूट काढले, सात दगडांना हात जोडले आणि आमच्या साहेबांना बाजूला घेऊन बोलले. परत जाताना शेंदराचा टिळा लावून गेले. पुढं काही दिवसांनी आमच्या साहेबांची बदली झाली. सरकारी जागेत धर्मकार्य केलं, असं कारण होतं म्हणे. कामावरून जाताना ते बाभळीखाली थांबले. कौशी सासूच्या कडेवर होती. तिच्या पावलावर त्यांनी अंगठा दाबला, बघितलं, आणि सायकलवर बसले. छत्री मात्र विसरले नाहीत.

आताही गावात पोषणाचे लोक येतात. मुली असतात, चांगल्या बोलतात, भिंतीला रंगीत चित्र लावतात. अंगणवाडीतून पाकिटं येतात. पाकिटं वाटली, सह्या झाल्या, फोटो काढले की काम संपलं. आमच्या गल्लीत पाकिटातला आटा शेळ्यांना जातो आणि शेळ्या खरोखर गुटगुटीत आहेत. त्यातल्या एका मुलीला मी विचारलं की घरात पहिलं ताट कुणाचं असतं हे तुम्ही विचारता का. ती म्हणाली, आजी, तो रकाना आमच्याकडं नाही. छान मुलगी होती. मी तिला चहा पाजला.

तळं पुढच्या पावसाळ्यात भरलं. सोसायटीनं तिथं पाटी लावली, चेअरमनच्या नावाची.

कुणी मला विचारतं, म्हातारे, तुझा साहेब शहाणा होता का खुळा? मला ठरवता आलेलं नाही. त्यानं माझ्या पोरीला पहिला नंबर दिला आणि त्यानंच तिला जीपमध्ये घातलं. बाळूला त्यानं जोखलं आणि सोडून दिलं. त्याच्याबद्दल पुढं काही कळलं नाही आणि मी कळवून घेतलं नाही.

त्या दुष्काळात आमच्या घरातलं एकच माणूस गेलं, जावेचा बाळू. सासरा जगला, दीर जगला, मालक जगले, सासू तर पुढं बरीच वर्षं जगली. जाऊ जगली, तिला नंतर मूल झालं नाही. माझी कौशी जगली. ती आता माजलगावात असते.